सहावी ते दहावीतल्या मुलांच्या हाती मोबाइल: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

साधारण ११ ते १५ वर्षांच्या मुलांच्या पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. सेटिंगची नावं अँड्रॉइड फोनवरची आहेत. कंपनीप्रमाणे त्यांत थोडाफार फरक पडतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण खालची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. मूल स्वतःहून येऊन "माझ्याकडून असं असं झालं" म्हणालं, तर त्या दिवशी फोन काढून घ्यायचा नाही. फोन जाईल या भीतीनं मुलं गप्प बसतात आणि फसवणाऱ्याचं सगळं बळ त्या गप्प बसण्यातच असतं. हे वाक्य मुलाला फोन देतानाच ऐकवा आणि वेळ आली की पाळा.

१. मुलाला स्वतःचा फोन कितव्या वर्षी द्यावा?

वयापेक्षा गरज बघा. मूल एकटं एसटीनं किंवा लोकलनं क्लासला जातं, दुपारी घरी एकटं असतं, तर संपर्कासाठी फोन लागतोच. पण त्याला बटणांचा साधा फोन पुरतो. स्मार्टफोन देण्याआधी बघायचं ते हे की ठरलेली वेळ झाली की मूल टीव्ही बंद करतं का, आणि चूक झाली तर घरी सांगतं का. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामसाठी कंपन्यांनी ठेवलेलं किमान वय १३ आहे. "वर्गात सगळ्यांकडे आहे" हे कारण ऐकून घ्या, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

२. घरात एकच फोन आहे आणि तोच अभ्यासाला द्यावा लागतो. मग काय काळजी घ्यायची?

फोन हातात देण्याआधी ॲप पिन करा. सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा' किंवा 'सुरक्षा आणि गोपनीयता' यात 'ॲप पिन करणे' असतं. ते चालू करून 'अनपिन करण्याआधी पिन विचारा' हेही चालू ठेवा. मग अभ्यासाचं ॲप उघडून पिन केलं की त्यातून बाहेर पडायला तुमचा पिन लागतो. आयफोनवर हेच काम 'गायडेड ॲक्सेस' करतं.

पैशांच्या ॲपना वेगळं कुलूप हवं आणि यूपीआय पिन मुलासमोर टाकायचा नाही. बऱ्याच घरांत मुलांना तो पाठ असतो, कारण दुकानात "जरा तूच पाठव" म्हणून आपणच सांगितलेला असतो. तसं झालं असेल तर आजच बदला.

३. नवा फोन हातात देण्याआधी नेमकं काय काय करून घ्यायचं?

अर्धा-पाऊण तास काढा आणि मुलाला शेजारी बसवूनच करा. पाठीमागे लावलेली बंधनं मुलं मोडायला बघतात, समोर बसून लावलेली बहुतेक वेळा पाळतात.

सिम पालकाच्याच नावावर घ्यावं लागतं, कारण भारतात १८ वर्षांखालच्या व्यक्तीच्या नावावर मोबाइल जोडणी मिळत नाही. म्हणजे त्या नंबरवरून जे होईल त्याची पहिली विचारणा तुमच्याकडे येणार, हे मुलालाही सांगा. त्यानंतर गूगल खातं खऱ्या जन्मतारखेनं काढा (का, ते प्रश्न ४ मध्ये). तुमच्या फोनवर गूगलचं 'फॅमिली लिंक' ॲप घेऊन मुलाचं खातं त्याला जोडा. आता मुलानं नवं ॲप मागितलं की परवानगीची सूचना तुमच्याकडे येते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीची पडताळणी प्रत्येक खरेदीला लागेल अशी ठेवा, आणि त्या खात्याला तुमचं कार्ड किंवा यूपीआय जोडू नका.

स्क्रीन लॉकचा पिन निदान सहा आकडी हवा आणि तो जन्मतारीख नसावा. सिमलाही पिन लावता येतो, म्हणजे चोरानं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ते चालत नाही. मात्र मूळ पिन सिम कंपनीच्या दुकानात विचारून घ्या. अंदाजानं तीनदा चुकीचा टाकला की सिम अडकतं, मग पीयूके क्रमांक लागतो, आणि तोही दहादा चुकला की सिम कायमचं बाद.

शेवटी *#०६# दाबा. पडद्यावर येणारे १५ आकडी आयएमईआय क्रमांक (दोन सिमच्या फोनला दोन) बिलाच्या मागे लिहून बिल कपाटात ठेवा. फोन हरवला की हाच कागद लागतो (प्रश्न १३).

४. मुलानं वय वाढवून खातं काढलंय. त्यानं एवढं काय बिघडतं?

बरंच बिघडतं. इन्स्टाग्रामनं १८ वर्षांखालच्यांसाठी वेगळी 'टीन अकाउंट' आणली आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून ती भारतातही सुरू झाली. अशा खात्यात प्रोफाइल आपोआप खाजगी राहतं, अनोळखी माणूस मेसेज पाठवू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद असतात. १६ वर्षांखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायची तर पालकाची परवानगी लागते. जन्मसाल २००० टाकलं की यातलं काहीच लागू होत नाही. तेरा वर्षांची मुलगी कंपनीच्या लेखी पंचविशीतली बाई ठरते, आणि जाहिराती, सुचवलेली खाती, येणारे मेसेज सगळं तसंच येतं.

मूल तेराच्या वर असेल तर जन्मतारीख दुरुस्त करा, ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं. तेराच्या खाली असेल तर खातं बंद करून पुढे नवं काढणं बरं. हवे ते फोटो आधी उतरवून घ्या, म्हणजे रडारड कमी होते.

५. दिवसाला किती तास बघू द्यायचं?

इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांहून कमी अशी मर्यादा आहे. त्यापुढच्या वयासाठी तासांचा आकडा नाही. झोप, मैदान, अभ्यास आणि घरच्यांसोबतचा वेळ यांतलं काही मारलं जात नाही ना, हे बघायला सांगितलं आहे. आम्हीही तेच सांगतो. झोप पुरी, रोज तासभर खेळ आणि एक जेवण फोनविना होत असेल, तर मिनिटं मोजत बसू नका.

सगळ्यांत फरक पडतो तो रात्री. सगळ्यांचे चार्जर झोपायच्या खोलीबाहेर, एकाच जागी लावा आणि ठरल्या वेळी आई-बाबांचेही फोन तिथेच ठेवा. "अलार्मला लागतो" ही सबब बाजारातल्या साध्या गजराच्या घड्याळानं संपते. उशीखाली ठेवून चार्ज करणं तर कधीच नको. तिथे उष्णता कोंडते आणि लिथियम बॅटरी तापून फुगते.

आपण एकट्यानंच हे करतोय असं वाटू नये म्हणून सांगतो: सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. गावानं मिळून ठरवलं की मुलाला "माझ्यावरच का?" म्हणायला जागा राहत नाही. एका मजल्यावरच्या चार घरांनी मिळून ठरवलं तरी तोच उपयोग होतो.

६. फॅमिली लिंक लावलं, तरी वेळेबाहेर फोन चालूच असतो. कसा?

नेहमीच्या वाटा ठरलेल्या आहेत. ॲपवर मर्यादा असते पण तोच गेम ब्राउझरमध्ये चालतो. फोनवर 'पाहुणा' म्हणून दुसरं प्रोफाइल काढलेलं असतं. आणि सगळ्यात जास्त वेळा कपाटात पडलेला जुना फोन वायफायवर चालत असतो. सिम नाही म्हणून आपण तो फोन मोजलेलाच नसतो. घरातले सगळे जुने फोन एकदा बाहेर काढा, नको ते पुसून द्या किंवा कुलपात ठेवा, राउटरचा पासवर्ड बदला.

मात्र मूल रोज नवी पळवाट काढत असेल तर मर्यादाच त्याच्या दिनक्रमाला धरून नाही, असा अर्थ घ्या. क्लासहून साडेआठला येणाऱ्या मुलाचा फोन आठला बंद होत असेल, तर तो वाट शोधणारच.

७. मुलांचे मेसेज चोरून वाचावेत का?

चोरून नाही. वाचणार असाल तर आधी सांगून वाचा. साधारण सहावी-सातवीपर्यंत "मी अधूनमधून तुझ्यासोबत बसून बघेन" हा करार चालतो. नववी-दहावीत मैत्रिणींच्या आपसातल्या बोलण्यात शिरण्याऐवजी कोण कोण संपर्कात आहे, अनोळखी कोण आहे, एवढंच विचारावं. पिन पालकांना माहीत असावा. तो बंद पाकिटात घालून, पाकिटावर मुलाची सही घेऊन देवघराच्या फडताळात ठेवा, असं आम्ही सुचवतो. पाकीट फोडलं तर दोघांनाही कळतं.

अपवाद आहे. मूल अचानक जेवेनासं झालं, शाळा टाळू लागलं, फोन वाजला की दचकू लागलं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करू लागलं, तर पाकीट फोडा आणि प्रश्न १० वाचा.

८. व्हॉट्सॲपवर कोणती सेटिंग बदलायची?

'गोपनीयता' मध्ये जाऊन प्रोफाइल फोटो, 'शेवटचं पाहिलेलं' आणि 'ग्रुप' हे तिन्ही 'माझे संपर्क' वर आणा. ग्रुपचं विसरू नका, नाहीतर नंबर हाती लागलेला कुणीही परस्पर ग्रुपात घालू शकतो. 'अनोळखी कॉलर शांत करा' चालू करा. टू-स्टेप पडताळणीचा सहा आकडी पिन लावा. महिन्यातून एकदा 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडा. तिथे न ओळखीचा संगणक दिसला तर कुणीतरी मुलाच्या फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करून घेतलाय. तो लगेच काढून टाका.

९. पैशांच्या फसवणुकीबद्दल मुलांना नेमकं काय शिकवायचं?

"सावध राहा" म्हणून भागत नाही, प्रत्यक्ष दाखवावं लागतं. सध्या फिरणारी लग्नाची पत्रिकाच घ्या. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, कदाचित ओळखीच्याच नंबरवरून: "आमच्या लग्नाला सहकुटुंब यावे." खाली फाइल. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते आणि उघडण्याआधीच तिची छबी दिसते. इथे छबी नसते, नुसतं चिन्ह आणि नावाच्या शेवटी टिंबानंतर 'एपीके' ही तीन इंग्रजी अक्षरं. दाबलं की फोन स्वतःच अडवतो: अज्ञात स्रोतावरून ॲप इंस्टॉल करू द्यायचं का? इथेच हात थांबायला हवा. पत्रिका उघडते, ती कधी इंस्टॉल होत नाही. पुढे गेलं की ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात, आणि तीच पत्रिका तुमच्या नावानं सगळ्या नातेवाइकांना पोचते. वाहतुकीच्या दंडाच्या नावानंही हाच प्रकार चालतो.

चुकून इंस्टॉल झालंच तर फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा, मग ॲप काढा. निघत नसेल तर फोटोंची प्रत घेऊन फोन मूळ स्थितीत आणा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. इथे मिनिटं मोलाची असतात, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते.

मुलाकडून पाठ करून घ्यायचं ते हे: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी सांगितलं म्हणून *४०१* ने सुरू होणारा क्रमांक फिरवायचा नाही, त्यानं आपले कॉल दुसऱ्याकडे वळतात. चुकून फिरवला असेल तर ##००२# डायल केलं की वळवलेले कॉल रद्द होतात. आणि फोनवरून कुठलेही पोलीस 'डिजिटल अटक' करत नाहीत, कायद्यात तसला प्रकारच नाही.

१०. कुणीतरी फोटो पसरवायची धमकी देऊन पैसे मागतंय. काय करायचं?

आधी श्वास घ्या आणि मुलाला सांगा: "बरं केलंस सांगितलंस." त्या क्षणी ओरडलात तर पुढची अर्धी माहिती कळणारच नाही.

याची रीत ठरलेली असते. समवयस्क मुलीचा किंवा मुलाचा फोटो लावलेलं खातं मैत्री करतं, एक-दोन दिवसांत बोलणं खाजगी विषयांवर नेतं, व्हिडिओ कॉल करून पडदा रेकॉर्ड करतं. मग मुलाच्या मित्रांची, नातेवाइकांची यादी दाखवून म्हणतं, अमुक रुपये दे, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. मुद्दाम घाई केली जाते: "दहा मिनिटं आहेत."

पैसे देऊ नका. दिले की मागणी वाढते. बोलणं थांबवा, पण चॅट पुसू नका. समोरच्याचं वापरकर्ता नाव, नंबर, यूपीआय आयडी आणि धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट करून ब्लॉक करा. १९३० किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे, आणि मूल स्वतःही तिथे बोलू शकतं. १८ वर्षांखालच्या मुलांच्या फोटोंसाठी 'टेक इट डाउन' ही सेवा आहे. ती फोटो मागत नाही. फोनमध्येच त्याचा आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारे फोटो शोधून काढून टाकतात.

त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नका.

११. मुलीनंच विश्वासानं फोटो पाठवला होता, आता तो वर्गात फिरतोय. आम्ही पुरावा म्हणून जपून ठेवावा ना?

फोटो स्वतः कुणालाही पाठवू नका. मुख्याध्यापकांना नाही, वकील असलेल्या मामांनाही नाही. १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा अश्लील फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब आणि पॉक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) यांखाली गुन्हा आहे. जवळ बाळगण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये कडक निकाल दिला आहे. ज्या फोनवर तो आला तो फोन आहे तसा ठेवा, कुणी, कधी, कुठल्या ग्रुपवर टाकला ते कागदावर लिहा आणि फोन थेट पोलिसांना दाखवा. शाळेला लेखी कळवा, पण शब्दांत.

दोष पसरवणाऱ्याचा आहे, हे मुलीला घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकू आलं पाहिजे. आजीच्याही. फोटो खरा नसून एआयनं चेहरा चिकटवलेला असेल तरी हेच सगळं करायचं. "खोटाच तर आहे" म्हणून सोडून देऊ नका.

१२. उलटं झालंय. आमचाच मुलगा वर्गातल्या मुलीला त्रास देणाऱ्या ग्रुपचा ॲडमिन निघाला.

ग्रुप घाईनं डिलीट करायला लावू नका. पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं आणि प्रकरण चिघळतं. मुलाला बसवून काय टाकलं, कुणी टाकलं ते सगळं सांगायला लावा. मुलीच्या पालकांना स्वतः जाऊन भेटा, शाळेला तुमच्याकडूनच कळू द्या. तक्रार झालीच तर १८ खालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. वकिलाचा सल्ला घ्या, पण मुलाला खोटं बोलायला शिकवू नका. इथे फोन काही काळ काढून घेणं योग्यच आहे. सुरुवातीला सांगितलेला नियम स्वतःहून सांगणाऱ्यासाठी आहे.

१३. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर?

दुसऱ्या फोनवरून गूगलच्या 'फाइंड हब' मध्ये मुलाच्या खात्यानं जाऊन फोन लॉक करा. जागा दिसली तरी मुलाला एकट्याला शोधायला पाठवू नका. पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं सिम पुन्हा काढा आणि 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय, बिल आणि तक्रारीची प्रत देऊन फोन ब्लॉक करा. नव्या सिमवर ओटीपी यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून सिमचं काम आधी. फोन सापडला की तिथूनच अनब्लॉक करता येतो.

१४. गेममध्ये पैसे जातात, अनोळखी लोक बोलतात. गेम बंदच करावेत का?

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम तर २०२५ च्या कायद्यानं देशभरात बंदच केले आहेत. मुलाच्या फोनवर रमी किंवा फँटसी गेमची लिंक आली तर ती बेकायदाच समजा. बाकीच्या गेममध्ये व्हॉइस चॅट 'फक्त मित्र' वर ठेवा. "फुकट हिरे देतो, लॉगिन दे" म्हणणारा चोर असतो. "इथे नको, टेलिग्रामवर ये" म्हणणारा त्याहून धोक्याचा. बोलणं दुसऱ्या ॲपवर नेणं, नाव-शाळा विचारणं आणि "घरी सांगू नकोस" म्हणणं ही लक्षणं मुलाला नावानिशी सांगा. तिसरं ऐकू आलं की त्याच दिवशी घरी सांगायचं.

१५. आम्ही ऑस्ट्रेलियात राहतो. भारतातली आतेभावंडं इन्स्टाग्रामवर आहेत, आमची लेक १४ ची आहे.

तिथे १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, फेसबुक, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. दंड कंपन्यांना होतो, मुलांना किंवा पालकांना नाही. व्हॉट्सॲप त्यात नाही, त्यामुळे भावंडांचा ग्रुप तिथे चालू शकतो. भारतात सुट्टीला आल्यावर आत्याच्या फोनवरून खातं काढून देऊ नका. परत गेल्यावर ते बंद झालं तर मुलीला दुप्पट लागेल.

१६. मुलगी वसतिगृहात आहे, फोन फक्त रविवारी मिळतो. तिला काय शिकवायचं?

प्रश्न ३ मधली तयारी सुट्टीत घरीच करून द्या. रविवारचा तासभर साठलेले मेसेज एकदम उघडण्यात जातो, आणि घाईत दाबलेल्या लिंक तिथेच नडतात. आधी घरी फोन, मग मेसेज, असा क्रम लावून द्या. तिचा फोन कपाटात बंद असताना मैत्रिणीच्या फोनवरून स्वतःच्या खात्यात गेली तर बाहेर पडताना लॉग आउट करायचं आणि पासवर्ड 'सेव्ह' करू द्यायचा नाही, हे करून दाखवा. तुमचे दोघांचे नंबर, १०९८ आणि ११२ (तातडीच्या मदतीचा क्रमांक) हे तिच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहा आणि पाठही करून घ्या. शेवटचे दोन रेक्टरच्या टेबलावरच्या फोनवरूनही लागतात.